लंकेला जाताय? मग स्वेटर घ्या!

लंकेला निघालेल्या माणसाने स्वेटर घ्यावा की घेऊ नये, या एका प्रश्नावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. विषुववृत्ताच्या उशाशी, सहा ते दहा अक्षांशांच्या दरम्यान पहुडलेला देश! तेथे स्वेटर नेणे म्हणजे अलिबागला बर्फाची गादी नेण्यासारखे आहे, असे माझे मत. सौभाग्यवतींचे मत नेहमीप्रमाणे उलट. आमच्या आईने मात्र कोणत्याच पक्षाला मत न देता आपली निळी कानटोपी मुकाट्याने पिशवीच्या तळाशी सारून दिली. बारा दिवसांच्या प्रवासात जी एक वस्तू आम्हां तिघांना आळीपाळीने वापरावी लागली, ती हीच कानटोपी, हे आधीच सांगून टाकतो.

लंकाच का, असे अनेकांनी विचारले. सिंगापूर झाले, दुबई झाली, आता लंका, असा हिशेब लोक करतात. आमचा हिशेब निराळा होता. आमचे दादा, म्हणजे वडील, लग्नापूर्वी दादरला एका चाळीत राहत. १९६५ च्या मे महिन्यात दोन मित्रांबरोबर लंकेला जायचे त्यांनी पक्के केले होते. त्या काळी मद्रासहून बोट मेल सुटे. रेल्वेने धनुष्कोडी, तेथून आगबोटीने तलैमन्नार आणि पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. सगळे भाडे त्यांनी एका वहीत आणेपैसुद्धा टिपून ठेवले होते. पण डिसेंबर १९६४ मध्ये चक्रीवादळ आले, धनुष्कोडी गाव समुद्राने गिळले, रेल्वेची एक अख्खी गाडी उतारूंसह बुडाली, आणि ती वाटच संपली. पुढे रामेश्वरहून बोट पुष्कळ वर्षे चालली म्हणतात. पण तोवर दादांचे लग्न झाले, आम्ही झालो, आणि वही कपाटात गेली.

त्याच वहीच्या मागच्या बाजूने दर बुधवारची नोंद असे. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला! कोणते गाणे कोणत्या पायदानावर, कोणते चढले, कोणते घसरले. आज साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. तरुणांसाठी एवढेच सांगतो की, १९५२ साली नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या आपल्याच मराठी मंत्र्याकडे होते, त्यांना सिनेसंगीताचे वावडे होते, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. ती वनवासाला गेली थेट लंकेत! त्याच वर्षी डिसेंबरात कोलंबोहून गीतमाला सुरू झाली आणि सारा हिंदुस्थान बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओला कान लावून बसू लागला. आईचे लग्नानंतरचे पहिले बुधवार तसेच गेलेले. दादा जाऊन आता काही वर्षे झाली. सत्त्याहत्तराव्या वर्षी आई एकदा म्हणाली, “त्यांची लंका राहिली ती राहिलीच. ते रेडिओचं घर तरी बघून येऊ या का रे?”

एवढे कारण पुरेसे होते. १९ फेब्रुवारी २०२४ ला आम्ही निघालो.

आता थोडे व्यवहाराचे. मुंबईहून कोलंबोला थेट विमान सुमारे अडीच तासांत पोहोचते. घड्याळाचे काटे हलवावे लागत नाहीत, कारण तेथली वेळ आणि आपली वेळ एकच. निघण्यापूर्वी प्रवेशपरवान्याचा अर्ज इंटरनेटवरून करायचा असतो. त्याचे शुल्क आणि सवलती सरकार अधूनमधून बदलते, म्हणून शेजाऱ्याने मागच्या वर्षी काय केले हे न विचारता सरकारी संकेतस्थळच पाहावे. त्यासारखीच दिसणारी दलालांची संकेतस्थळेही आहेत आणि ती वर दलाली घेतात. विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. रात्रीचे विमान असेल तर शहरात न शिरता जवळच नेगोंबोला मुक्काम करणे म्हाताऱ्या माणसांना सोयीचे. चलन तेथेही रुपयाच. पण त्यांचे तीनाहून अधिक रुपये मोजावे तेव्हा आपला एक होतो, त्यामुळे पहिले दोन दिवस आपण फार श्रीमंत झालो असे वाटते आणि तिसऱ्या दिवशी जेवणाचे बिल आले की जमिनीवर येतो. आपली यूपीआय पद्धत आम्ही गेलो त्याच महिन्यात तेथे सुरू झाली; पण ती सर्व दुकानांत चालेल असे धरून खिसा रिकामा ठेवू नये. विजेची बटणे चौकोनी जाड पिनांची असतात. तेवढा एक जोड मुंबईतून नेला तर फोन उपाशी राहत नाही.

आणि हवामान! इथे आपल्या मंडळींची हमखास चूक होते. आपल्याला दिवाळीची सुटी असते, म्हणून आपण दिवाळीत निघतो. लंकेवर दोन मोसमी पाऊस पडतात. मेपासून सप्टेंबरपर्यंतचा नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगर भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारीचा ईशान्येचा पाऊस पूर्व व उत्तर किनारा भिजवतो. आणि या दोहोंच्या मधला ऑक्टोबर-नोव्हेंबर? तेव्हा दुपारनंतर विजांसह सगळीकडेच कोसळतो. म्हणून दिवाळी अंकात हे लिहीत असलो तरी दिवाळीत जाऊ नका! कोलंबो, कँडी, नुवर एलिया पाहायचे तर जानेवारी ते मार्च. त्रिंकोमालीचा समुद्र पाहायचा तर मे ते सप्टेंबर. एप्रिलच्या मध्यावर सिंहली व तमिळ नववर्ष येते, तेव्हा दुकाने बंद आणि गाड्या तुडुंब. आपल्या शाळांच्या परीक्षा मार्चमध्येच का येतात, याचे उत्तर मात्र लंकेच्या हवामान खात्याकडे नाही.

कोलंबोत दोन रात्री राहिलो. शहर स्वच्छ, समुद्राकाठचे गॉल फेस मैदान संध्याकाळी माणसांनी आणि पतंगांनी फुललेले. २०१९ च्या ईस्टरचे स्फोट, २०२२ ची दिवाळखोरी, पेट्रोलसाठी लागलेल्या रांगा, याच मैदानावर बसलेले हजारो निदर्शक आणि देश सोडून पळालेला राष्ट्राध्यक्ष, हे सारे वर्तमानपत्रात वाचून मनात थोडी धाकधूक होती. प्रत्यक्षात ज्या ज्या माणसाला आम्ही रस्ता विचारला त्याने तो हसून दाखवला. तीनचाकी रिक्षावाले मात्र परदेशी चेहरा पाहून भाडे सांगतात. मीटर असलेली रिक्षा घ्यावी किंवा पिकमी या मोबाईलवरच्या सोयीने बोलवावी. रेडिओचे घर परतीच्या दिवसासाठी राखून ठेवले होते.

बुधवारी, २१ तारखेला सकाळी, कोलंबो फोर्ट स्टेशनवर कँडीच्या गाडीची वाट पाहत असताना मुंबईहून पुतण्याचा निरोप आला. अमीन सयानी आदल्या दिवशी गेले. मी फोन आईपुढे धरला. तिने चष्मा लावून वाचले, फोन परत दिला आणि विचारले, “आज वार कोणता रे?”

“बुधवार.”

“हं,” एवढेच म्हणून ती फलाटावरच्या बाकावर बसून राहिली. गाडी आली तेव्हा हिने हात धरून तिला आत नेले.

लंकेची आगगाडी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पहिली गाडी १८६४ साली धावली. रूळ आपल्यासारखेच रुंद, साडेपाच फुटी. इंग्रजांनी ही डोंगरातली वाट बांधली ती कॉफी खाली बंदरात आणण्यासाठी. पुढे १८६९ पासून पानांवर तांबेरा पडून कॉफी बुडाली आणि तिची जागा चहाने घेतली. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ सालीच चहाची लागवड करून ठेवली होती. आरक्षित जागा महिनाभर आधी विकायला निघतात आणि बघता बघता संपतात, म्हणून तारीख ठरली की आधी रेल्वे, मग हॉटेल. कडुगन्नावाचा घाट चढताना आमच्या बायकोने आपल्या बोरघाटाची आठवण काढली, आणि तेवढ्यात डब्यात आरोळी उठली, “वडे! वडे! वडे!”

परमुलुखात आपला शब्द ऐकू आला की मराठी माणूस खिशात हात घालतोच. मी तीन मागितले. कागदाचा द्रोण हातात आला, आणि त्यातल्या प्रत्येक वड्यावर मिशांसकट एकेक कोळंबी आरामात पहुडलेली! हे ‘इस्सो वडे’. साधे डाळीचे हवे असतील तर ‘परिप्पु वडे’ म्हणून मागावेत. मला स्वतःला कोळंबीशी काही वैर नाही. तिन्ही वडे मीच संपवले. पण आईने आयुष्यात मासा तोंडात घातलेला नाही. वास आला तरी ती खिडकीशी जाऊन उभी राहते.

या वड्यांनी मला खरे तर शहाणे करायला हवे होते. उलट मी अधिकच विद्वान झालो. त्याचे असे की, सिंहली ही आर्यकुळातली भाषा, आपल्या मराठीची दूरची बहीण. आकडेच पाहा: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय! आपल्या ‘स’ आणि ‘छ’चा तेथे ‘ह’ झाला की झाले. भात म्हणजे बत्. नगर म्हणजे नुवर. नदी म्हणजे गंग. थोरली बहीण म्हणजे चक्क अक्का. आभार मानायचे तर ‘स्तूति’, आणि भेटल्यावर हात जोडून ‘आयुबोवन्’, म्हणजे दीर्घायुषी व्हा. महावंस नावाचा त्यांचा जुना इतिहासग्रंथ सांगतो की, त्यांचा मूळपुरुष विजय हा लंकेला पोहोचण्यापूर्वी सुप्पारक बंदरात, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला उतरला होता. पण त्याच्या सोबत्यांनी तेथे इतका दंगा केला की त्यांना गाशा गुंडाळावा लागला. विरार लोकलमध्ये दंगा करणाऱ्यांना किती प्राचीन परंपरा आहे पाहा!

एवढी भाषा आल्यावर मला राहवेना. कँडीला आम्ही एका घरगुती विश्रामगृहात उतरलो होतो. तळ्याच्या वरच्या टेकडीवर, चार खोल्या, मालकीणबाई साठीच्या, इंग्रजी बेताचे. सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून आईही अक्का म्हणू लागली. तिला तो परका शब्द वाटलाच नाही. पहिल्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आईकडे बोट दाखवत माझे एकुलते एक सिंहली वाक्य ठणकावून म्हटले, “अम्मा, मस् कन्ने नॅ!” मस् म्हणजे मासे, असा माझा हिशेब. अक्कांनी समजल्याची मान हलवली.

दोन दिवस जेवण अमृतासारखे चालले होते. सकाळी इंदिआप्प, म्हणजे आपल्या कोकणातल्या शिरवाळ्याच, पण बशीएवढ्या चकत्यांच्या. नाहीतर मध्ये जाड आणि कडेला कुरकुरीत असे वाटीच्या आकाराचे आप्प. रात्री भात, परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, आणि पोल सम्बोल: खवलेले ओले खोबरे, लाल मिरची, कांदा, लिंबू. आईला ती चटणी इतकी आवडली की गुरुवारी रात्री तिने तिसऱ्यांदा मागून घेतली आणि मला म्हणाली, “यात काय घालतात विचार रे. आपल्या चटणीला ही चव येत नाही.”

मी विचारले. अक्कांनी कौतुकाने फडताळातून लाकडाच्या ढलपीसारखा एक काळपट कठीण तुकडा काढून दाखवला. “उम्बलकड,” त्या म्हणाल्या, आणि मला कळावे म्हणून पुढे इंग्रजीत सांगितले, “मालदीव फिश.”

वाचकहो, सिंहलीत मस् म्हणजे मांस. मासा म्हणजे मालु. मी मोठ्या ऐटीत सांगून आलो होतो की अम्मा मटण खात नाही!

त्या क्षणीचे वर्णन मी करणार नाही. आईने ताट बाजूला सारले. ओरडली नाही, रडली नाही. मोरीपाशी जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले. ही माझ्याकडे पाहत नव्हती. अक्का दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. मग त्यांच्या मुलाने, ज्याला बरे इंग्रजी येत होते, त्यांना सारे समजावले, तेव्हा त्या बाईंचा चेहरा असा पडला की मला आईपेक्षा त्यांचेच वाईट वाटू लागले. मी दाराबाहेरून म्हटले, “आई, चूक माझी आहे. त्यांची नाही.”

आतून आवाज आला, “ते कळतंय मला. तू झोप.”

आता येथे पोया म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण प्रवाशाला त्याचा संबंध येतोच. दर पौर्णिमेला लंकेत सार्वजनिक सुटी असते. तिला पोया म्हणतात. त्या दिवशी देशभर दारूविक्री बंद, मांसाची दुकाने बंद, पुष्कळ कचेऱ्याही बंद. ज्यांना खरेदी किंवा बँकेचे काम उरकायचे आहे त्यांनी पंचांग पाहून निघावे. भाविक माणसे पांढरी वस्त्रे नेसून दिवसभर विहारात बसतात, आठ शीले पाळतात आणि दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत.

दुसरा दिवस शुक्रवार, नवम पोया. आपली माघी पौर्णिमा. सकाळी सहाला आई स्नान करून, दादांच्या वर्षश्राद्धाला नेसते ती पांढरी, बारीक काठाची साडी नेसून बाहेर आली आणि म्हणाली, “आज माझा उपास आहे. मला काही करू नका.” त्याच वेळी आतल्या दारातून अक्का बाहेर आल्या, पांढरी साडी, हातात कमळाची फुले. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. अक्कांनी मुलाला काहीतरी सांगितले. तो म्हणाला, “आई विचारते, तुमच्या अम्मा आमच्या विहारात येतील का? आज आईसुद्धा जेवत नाही.”

आई गेली. आम्हाला ‘या’ म्हणाली नाही, म्हणून आम्ही गेलो नाही. दोघींना एकमेकींच्या भाषेतला ‘अक्का’ आणि ‘अम्मा’ यापलीकडे एक शब्द येत नव्हता. संध्याकाळी साडेपाचला परतल्या तेव्हा आईच्या पदराला फुलांचा आणि नारळाच्या तेलाच्या दिव्यांचा वास येत होता. “काय केलंत दिवसभर?” हिने विचारले. “बसलो,” आई म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी मी उठलो तो स्वयंपाकघरातून खसखस आवाज येत होता. आत पाहतो तर आमच्या मातोश्री पाटाच्या खवणीवर बसून नारळ खवत होत्या! त्यांची खवणी आणि आपली खवणी यांत काडीचा फरक नाही. अक्का शेजारी कांदा चिरत होत्या. उम्बलकडीचा डबा दिसणार नाही असा कुठेतरी दूर गेला होता. पोल सम्बोल पुन्हा झाले, दोघींच्या हातचे. आईने खाल्ले. हळूच मला म्हणाली, “परवाची चव नाही याला,” आणि पुढे त्या विषयावर आजतागायत एक अक्षर बोललेली नाही.

तेव्हा शाकाहारी वाचकांनी दोन वाक्ये पाठ करूनच विमानात बसावे: ‘मस् कन्ने नॅ, मालु कन्ने नॅ’, आणि तिसरा शब्द ‘उम्बलकड’, तो मान हलवून. भाजीच्या रश्शातही ती पूड पडते. बेकरीत ‘शॉर्ट ईट्स’ म्हणून पदार्थांची भरलेली थाळीच टेबलावर आणून ठेवतात, खाल तेवढ्याचेच पैसे. पण त्यातला बटाट्याचा रोल आणि माशाचा रोल जुळ्या भावांसारखे दिसतात. बिनधोक खावे ते मातीच्या मडक्यातले म्हशीचे दही आणि त्यावर कितुल नावाच्या ताडाची काकवी. पाणी बाटलीतले किंवा उकळलेले. त्याहून बरे म्हणजे तंबिली, केशरी रंगाचे शहाळे.

कँडीचे दंतमंदिर आम्ही पाहिले. बुद्धाचा दात तेथे आहे अशी श्रद्धा आहे, पण तो दाखवत नाहीत. पूजेच्या वेळी सोन्याची करंडिका लांबून दिसते आणि ढोल मात्र छातीत वाजतात. खांदे व गुडघे झाकलेले हवेत, पायताण बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून आपला फोटो काढणे हा तेथे अपमान समजला जातो. अंगावर बुद्धाचे गोंदण मिरवणाऱ्या परदेशी प्रवाशांना परत पाठवल्याची उदाहरणे आहेत. बसमध्ये पुढची आसने भिक्षूंसाठी असतात. तेथे बसू नये.

सिगिरियाला गेलो तो आईला खालच्या बागेत सावलीत बसवून. पाचव्या शतकात बापाला मारून गादीवर आलेल्या काश्यप राजाने सहाशे फुटी खडकाच्या माथ्यावर बांधलेला राजवाडा! बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सकाळी सातला सुरुवात करावी; दहानंतर खडक तव्यासारखा तापतो. तिकीट परदेशी माणसाला बरेच महाग, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नये. आम्ही ठेवून गेलो होतो.

मग नुवर एलिया. नानु ओयाला गाडीतून उतरलो आणि दातावर दात वाजू लागले. सहा हजार फुटांवरचे गाव! कानटोपी निघाली. आधी आईला, मग हिला, आणि रात्री लाज सोडून मला. डोंगरभर चहा, आणि चहात वाकलेल्या बायका. या तमिळ बायकांच्या पणज्यांना इंग्रजांनी दक्षिण हिंदुस्थानातून आणले. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि लाखो मळेकरी बिननागरिक झाले. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार करून माणसे वाटून घेतली. काहींना इकडे, काहींना तिकडे. कपातल्या चहाला हे कळत नाही.

गावापासून पाचेक किलोमीटरवर सीता एलिया. हीच अशोकवाटिका, असे स्थानिक मानतात. रामायणाच्या नावाने काढलेल्या सहलींत तिचे मोठे वर्णन असते. प्रत्यक्षात रस्त्याकडेला एक छोटे रंगीत मंदिर, मागे ओढा आणि ओढ्याकाठच्या खडकात काही खळगे, जी मारुतीची पावले म्हणून दाखवतात. भव्य काही पाहायला मिळेल अशा अपेक्षेने गेलेली माणसे हिरमुसतात. आई ओढ्याशी पाणी वाहताना पाहत बराच वेळ उभी होती. मग टोपी कानांवर ओढून म्हणाली, “इतकी थंडी होती हे कुठल्या कीर्तनकारानं सांगितलं नाही हं कधी!”

पुढे एल्लापर्यंतचा रेल्वेप्रवास म्हणजे डोळ्यांचे पारणे. वाटेत पट्टिपोला हे सर्वांत उंचावरचे स्टेशन. एल्लाच्या पलीकडे १९२१ साली बांधलेला नऊ कमानींचा पूल आणि डेमोदराचे वळण, जेथे रूळ वेटोळे घेऊन स्वतःच्याच खालून बोगद्यातून जातात. मात्र २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळाने याच डोंगरात दरडी कोसळून शेकडो माणसे गेली आणि रस्त्यांची व रेल्वेची फार मोडतोड झाली. तेव्हा कुठली गाडी कुठपर्यंत जाते याची ताजी चौकशी केल्याशिवाय या भागाचा बेत आखू नये. मोटारीने जायचे तर नकाशावरचे शंभर किलोमीटर म्हणजे डोंगरात तीन-साडेतीन तास धरावेत. हिवतापाची चिंता नको. २०१६ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त जाहीर केला. डेंग्यू मात्र आहे, आणि तो डास दिवसा चावतो. पावसाळी रानात जळवाही आहेत.

परतीच्या दिवशी सकाळी कोलंबोत रिक्षा केली. मीटरची. स्वातंत्र्य चौकाच्या परिसरात, मोठ्या झाडांच्या सावलीत श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची इमारत आहे. १९७२ पासून रेडिओ सिलोनचे हेच नाव. साधी सरकारी इमारत, फाटक, पहारेकरी. मी म्हटले, “आई, आत जाता येतं का विचारू?”

“आत काय बघायचंय?” ती म्हणाली. “गीतमाला तर मुंबईतच भरायचे आणि विमानानं इकडे पाठवायचे. तुझ्या दादांना शेवटपर्यंत पटलं नाही ते. म्हणायचे, आवाज समुद्रावरून येतोय हे ऐकूच येतं.”

तिने पिशवीतून वही काढली. ती बरोबर आणली आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. उघडली नाही. दोन्ही हातांत धरून फाटकासमोर उभी राहिली. पहारेकऱ्याने पाहिले, काही विचारले नाही, उलट सावलीत या म्हणून हाताने खूण केली. चार-पाच मिनिटे गेली असतील. मग वही पिशवीत गेली, तिच्यावर कानटोपी गेली.

“त्याचा मीटर चालू आहे ना रे?” आई म्हणाली. “मग उभे काय राहिलात? चला!”